राष्ट्रवाद एकाच फूटपट्टीने मोजता येतो का? सर्वेक्षणं, लेटंट क्लास आणि आपण

प्रकाश_वाईकर (मूळ लेख)

कोण जास्त राष्ट्रवादी आणि कोण कमी, हा प्रश्नच अपुरा आहे असं माझं ठाम मत आहे. त्यामागचं कारण राजकीय नाही, संख्याशास्त्रीय आहे. ते इथे सविस्तर मांडतो. विनंती एकच, चर्चा कुठल्या पक्षाच्या बाजूने वा विरोधात वळवू नये. त्यासाठी दुसरे धागे आहेत.

2016 साली 'अमेरिकन सोशिऑलॉजिकल रिव्ह्यू' या नियतकालिकात बार्ट बोनिकोव्स्की आणि पॉल डिमॅजिओ या समाजशास्त्रज्ञांचा एक निबंध आला. सामान्य अमेरिकन माणसाच्या मनात राष्ट्रवादाचे किती प्रकार असतात, हा त्याचा विषय. त्यांनी वापरलेली माहिती 2004 सालच्या जनरल सोशल सर्व्हेची. शिकागो विद्यापीठाशी जोडलेली संस्था 1972 पासून हे सर्वेक्षण करते. त्या वर्षी त्यात राष्ट्रीय ओळखीवरचे वीसहून अधिक प्रश्न होते आणि ते बाराशेच्या आसपास लोकांना विचारले गेले.

प्रश्न साधारण चार तऱ्हांचे. पहिली तऱ्हा: खरा अमेरिकन असण्यासाठी काय काय महत्त्वाचं? तिथे जन्म, नागरिकत्व, आयुष्याचा बराच काळ तिथे राहणं, इंग्रजी येणं, ख्रिस्ती असणं, कायदे आणि संस्थांचा आदर, मनातून अमेरिकन वाटणं, पूर्वज अमेरिकन असणं. प्रत्येकाला 'फार महत्त्वाचं' ते 'अजिबात महत्त्वाचं नाही' अशी चार उत्तरं. दुसरी तऱ्हा: देशाच्या कशाकशाचा अभिमान वाटतो? लोकशाही, अर्थव्यवस्था, विज्ञान, खेळ, कला, सैन्य, इतिहास, सगळ्या समाजगटांना मिळणारी समान वागणूक वगैरे. तिसरी, देशाशी किती जवळीक वाटते. चौथी, तुलनेची: आपला देश इतरांहून सरस आहे का, चुकला तरी त्याला साथ द्यावी का.

आता हाती आलेल्या उत्तरांचं काय करायचं? नेहमीची वाट म्हणजे सगळ्यांना गुण द्यायचे, बेरीज करायची, सरासरी काढायची. तिथेच घोटाळा होतो. समजा एका माणसाच्या मते जन्म, धर्म, भाषा सगळंच फार महत्त्वाचं आहे, पण देशाच्या लोकशाहीचा किंवा समान वागणुकीचा त्याला फारसा अभिमान नाही. दुसरी व्यक्ती म्हणते, जन्म कुठेही होवो, कायदा पाळला आणि मनातून वाटलं की झालं. आणि तिला देशाचा अभिमान मात्र भरभरून आहे. दोघांची बेरीज सारखी येऊ शकते. आकडा एक, माणसं पार वेगळी. उद्या दोघांना परदेशातून येणाऱ्यांबद्दल विचारलं तर उत्तरं उलट्या दिशांना जातील, आणि आपल्या 'राष्ट्रवाद गुणांक' नावाच्या रकान्यात त्याची पुसटशीही खूण नसेल.

यावर उपाय म्हणून वापरतात ते लेटंट क्लास विश्लेषण. कल्पना जुनी आहे. व्हिएन्नाहून अमेरिकेत आलेल्या पॉल लाझार्सफेल्ड यांनी ती 1950 च्या सुमारास मांडली. 1974 मध्ये लिओ गुडमन यांनी गणित सोडवायची व्यवहार्य रीत दिली आणि संगणक स्वस्त झाल्यावर ती सर्वत्र पसरली. गृहीतक असं: लोकसंख्येत काही गट दडलेले आहेत, ते आपल्याला थेट दिसत नाहीत, पण प्रत्येक गटाची उत्तरं देण्याची एक ठरावीक ढब आहे. उत्तरांवरून मागे जाऊन गट शोधायचे.

एक अगदी लहान, पूर्णपणे काल्पनिक उदाहरण सोडवून दाखवतो. दोनच गट, दोनच प्रश्न. 'क' गट 40 टक्के, 'ख' गट 60 टक्के. 'इथे जन्म होणं फार महत्त्वाचं' असं क मधला माणूस 0.9 शक्यतेने म्हणतो, ख मधला 0.3 ने. 'लोकशाहीचा अभिमान आहे' असं क मधला 0.3 ने म्हणतो, ख मधला 0.8 ने. आता समोर एक बाई आल्या. जन्म महत्त्वाचा, हो. अभिमान, नाही. क साठी 0.4 × 0.9 × 0.7 म्हणजे 0.252. ख साठी 0.6 × 0.3 × 0.2 म्हणजे 0.036. दोन्हींच्या बेरजेत क चा वाटा 87.5 टक्के. बाई बहुधा क मधल्या. त्यांच्यामागून आलेले गृहस्थ दोन्हींना हो म्हणाले. क साठी 0.4 × 0.9 × 0.3 म्हणजे 0.108, ख साठी 0.6 × 0.3 × 0.8 म्हणजे 0.144. ख ची शक्यता 57 टक्के. म्हणजे या गृहस्थांचा गट मॉडेलला नीट ठरवता येत नाही, आणि ते तसं स्पष्ट सांगतं. हा प्रामाणिकपणा मला या पद्धतीत सगळ्यात मोलाचा वाटतो. प्रत्यक्षात हे 0.9, 0.3 वगैरे आकडेही आधी माहीत नसतात; गट आणि आकडे दोन्ही एकमेकांच्या आधाराने, पुन्हा पुन्हा सुधारत काढावे लागतात.

बोनिकोव्स्की आणि डिमॅजिओ यांना चार गट मिळाले. सुमारे 24 टक्के उत्कट: सगळ्या कसोट्या महत्त्वाच्या, अभिमान भरपूर, आपला देश सरस याची खात्री. सुमारे 17 टक्के अलिप्त: सगळंच बेताचं, आणि यांच्यात तरुणांचं प्रमाण जास्त. सुमारे 22 टक्के तत्त्वनिष्ठ: देशाशी घट्ट नातं आणि अभिमान, पण जन्म-धर्माच्या कसोट्या नकोत, कायद्याचा आदर आणि मनाची ओढ पुरे. आणि सगळ्यात मोठा गट, सुमारे 38 टक्के: अभिमान मध्यम, पण 'खरा अमेरिकन कोण' याच्या अटी कडक. यांना आपण निर्बंधवादी म्हणू.

या निकालात दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. 1944 साली इतिहासकार हान्स कोन यांनी मांडणी केल्यापासून आपण नागरी राष्ट्रवाद (नागरिकत्व आणि कायद्यावर आधारलेला) आणि वांशिक राष्ट्रवाद (जन्म आणि वंशावर आधारलेला) अशा दोन पेट्या वापरत आलो आहोत. पहिली चांगली, दुसरी वाईट, असं गृहीतच धरलं जातं. पण जवळपास निम्मी अमेरिका या पेट्यांत बसत नाही. शिवाय तत्त्वनिष्ठ मंडळी कसोट्यांबाबत उदार असली तरी 'आपण इतरांहून सरस' या भावनेपासून मुक्त नाहीत. उदार आहे म्हणजे नम्रही असेल, असं धरून चालता येत नाही.

दुसरी गोष्ट काळाची. 2004 मध्ये हे चारही गट दोन्ही मोठ्या पक्षांच्या मतदारांत सापडत होते. पुढे बोनिकोव्स्की यांनी युव्हाल फाइनस्टाइन आणि शॉन बॉक यांच्याबरोबर 2021 साली 2016 च्या निवडणुकीवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसतं की मधल्या काळात गटांची पक्षांनुसार वाटणी होत गेली. कडक अटींचे लोक एका पक्षाकडे, तत्त्वनिष्ठ आणि अलिप्त दुसऱ्याकडे. सरासरी पाहत बसलं असतं तर हे सरकणं हाती लागलं नसतं.

आणि आता आपल्याकडे. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन संशोधन संस्थेने 2019-20 मध्ये भारतात सुमारे 30,000 प्रौढांच्या 17 भाषांत समोरासमोर मुलाखती घेतल्या. त्यात 64 टक्के हिंदू म्हणाले की खरा भारतीय असण्यासाठी हिंदू असणं फार महत्त्वाचं. आणि त्याच हिंदूंपैकी 85 टक्के म्हणाले की खरा भारतीय असण्यासाठी सर्व धर्मांचा आदर करणं फार महत्त्वाचं. शाळेतलं गणित करा: 64 आणि 85 मिळून 149, त्यातून 100 वजा. म्हणजे किमान 49 टक्के हिंदूंनी दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगितल्या. या माणसांना कोणत्या पेटीत घालणार? दोन पेट्यांची भाषा इथे अमेरिकेपेक्षाही आधी तुटते. म्हणून मला वाटतं की भारतातल्या राष्ट्रवादाच्या अभ्यासाला सरासऱ्यांची नव्हे, अशा प्रकारच्या मॉडेलची गरज आहे.

तुमची मतं वाचायला आवडेल.

---

निशिगंधा_क

लेख आवडला, वाचनखूण साठवली. ते 49 टक्क्यांचं गणित वाचून मी खरंच थांबले. दोन्ही आकडे स्वतंत्रपणे बातम्यांत वाचले होते, पण ते एकाच माणसांबद्दल आहेत हे लक्षात आलं नव्हतं.

एक प्रश्न. गट चारच कशावरून? पाच का नाहीत, तीन का नाहीत? हे संशोधकांनी ठरवलं की गणिताने?

---

अनिकेत_देव

वाईकर सर, परवानगी गृहीत धरून मी उत्तर देतो, रोजचं काम याच्याशी संबंधित आहे.

निशिगंधा, दोघांनी मिळून ठरवलं. आधी एक गट धरून मॉडेल बसवतात, मग दोन, तीन, असं पुढे. प्रत्येक वाढत्या गटागणिक मॉडेल उत्तरांना जास्त चांगलं लागू पडणारच, कारण आकडे वाढतात. समजा 20 प्रश्न आहेत, प्रत्येकी 4 पर्याय. चार गटांसाठी 4 × 20 × 3 म्हणजे 240 शक्यता आणि गटांच्या आकाराचे 3, असे 243 आकडे काढायचे. बाराशे माणसांकडून इतकं काढणं म्हणजे जपूनच करायचं काम. म्हणून जास्त आकडे वापरल्याबद्दल दंड लावणारे निकष वापरतात. गिडियन श्वार्ट्झ यांचा 1978 चा बीआयसी हा त्यातला सगळ्यात रुळलेला. तो जिथे सर्वांत कमी येतो तो आकडा बहुतेक जण घेतात.

मॉडेल एकंदरीत बरोबर बसलं का, हे नेहमीच्या काय-वर्ग चाचणीने इथे तपासता येत नाही. ती चाचणी उत्तरांच्या प्रत्येक नमुन्याचं एक घर धरून, त्यात मॉडेलप्रमाणे किती माणसं हवीत आणि प्रत्यक्ष किती आहेत हे ताडून पाहते. 20 प्रश्नांना 4 पर्याय असले तर उत्तरांचे शक्य असलेले नमुने एक लाख कोटींहून जास्त होतात आणि माणसं फक्त बाराशे. जवळपास सगळी घरं रिकामी. रिकाम्या घरांवर ती चाचणी चालत नाही.

आणखी एक, जे नवखे लोक नेहमी विसरतात. ही गणना सुरुवातीच्या अंदाजावर अवलंबून असते. एकदाच चालवली तर ती भलत्याच ठिकाणी अडकून 'झालं' म्हणून सांगते. वेगवेगळ्या सुरुवातींनी पन्नास-शंभर वेळा चालवून सर्वांत चांगलं उत्तर पुन्हा पुन्हा तेच येतंय ना, हे पाहायलाच हवं.

आता माझा आक्षेप, आणि तो गंभीर आहे. उत्कट गट सगळ्याला हो म्हणतो, अलिप्त गट सगळ्याला बेताचं म्हणतो. हे राष्ट्रवादाचे प्रकार आहेत की प्रश्नावलीला उत्तरं द्यायच्या सवयीचे? काही लोक कुठल्याही विधानाला 'पूर्ण सहमत' म्हणतात. त्यांना आंब्याबद्दल विचारलं तरी पूर्ण सहमत. असे लोक वेगळे पडून त्यांचाच एक 'उत्कट' गट झाला नसेल कशावरून?

---

प्रकाश_वाईकर

अनिकेत, हाच प्रश्न मला हवा होता.

सगळा निकाल उत्तरं देण्याच्या सवयीतून आला असता तर गट एकाच रेषेवर एकाखाली एक पडले असते: सगळ्याला जोरात हो, सगळ्याला थोडं हो, सगळ्याला नाही. उत्कट आणि अलिप्त हे दोन गट त्या रेषेवर बसतात, हे मान्य. त्या दोघांचाच निकाल असता तर मी तुमच्या बाजूने उभा राहिलो असतो. पण उरलेले दोन गट एकमेकांना छेदतात. निर्बंधवादी कसोट्यांवर वर आणि अभिमानावर खाली. तत्त्वनिष्ठ अभिमानावर वर आणि जन्म-धर्माच्या कसोट्यांवर खाली. सहमतीच्या सवयीतून अशी फुली तयार होऊ शकत नाही. आणि या दोन गटांत मिळून सुमारे 60 टक्के लोक आहेत.

दुसरा पुरावा बाहेरचा. गट बनवताना जे प्रश्न वापरले नाहीत, उदाहरणार्थ स्थलांतर आणि इतर धोरणांबद्दलची मतं, त्यांत हे गट वेगवेगळे वागतात का हे पाहायचं. तसे ते वागतात. नुसती सवय असती तर तिचा धोरणांशी असा सुसंगत संबंध दिसला नसता.

तरी उत्कट गटाच्या आकाराबद्दल तुमची शंका रास्तच आहे. त्यातले काही लोक नक्कीच नुसतं हो म्हणणारे असतील.

---

सुलभा_मराठवाडा

मी बरीच वर्षं सर्वेक्षणांसाठी गावोगाव मुलाखती घेतल्या आहेत. मॉडेलमधलं मला फार कळत नाही, पण उत्तरं येतात कुठून हे चांगलं माहीत आहे, म्हणून लिहिते.

सूचनापत्रात लिहिलेलं असतं की मुलाखत एकांतात घ्यावी. गावात एकांत मिळत नाही. ओसरीवर बसलं की शेजारच्या दोघी येतात, पोरं येतात, सासूबाई दाराच्या आत बसून ऐकत असतात. पगाराबद्दल, आजाराबद्दल विचारलं की आवाज हळू होतो. देशाबद्दल विचारलं की आवाज मोठा होतो. हा फरक कागदावर कुठेच उतरत नाही. 'देशाचा अभिमान किती' याला चार पर्याय असतात, पण सगळ्यांसमोर 'फारसा नाही' म्हणायची छाती फार थोड्यांची. अशा प्रश्नाला जवळपास सगळे पहिलाच पर्याय निवडतात आणि मग तो प्रश्न कोणालाच कोणापासून वेगळा करत नाही.

एकदा एका म्हाताऱ्या आजींनी मला सगळ्या प्रश्नांना 'लई महत्त्वाचं' असं सांगितलं. मी कागद मिटला, चहा आला, आणि मग त्या म्हणाल्या, "ताई, पाणी चार दिसाला येतं, तेवढं तुमच्या कागदात लिवा." अभिमानाच्या यादीत सरकार लोकांची सोय कशी बघतं असा प्रश्न होता. त्यालाही त्यांनी मघाशी 'फार अभिमान' असंच सांगितलं होतं. मी तो नियमाप्रमाणे तसाच ठेवला. पण अनिकेत म्हणतात ती सवय खरी असते, आणि ती गरीब, कमी शिकलेल्या आणि बाहेरच्या माणसाला घाबरणाऱ्या लोकांत जास्त असते. तिला राष्ट्रवादाचा प्रकार म्हणून नाव देऊन टाकलं तर या लोकांवर अन्याय होईल.

---

अनिकेत_देव

सुलभाताई, हा प्रतिसाद मूळ लेखाइतकाच महत्त्वाचा आहे.

तुम्ही सांगताय त्यावर तांत्रिक इलाज थोडा आहे. प्रश्नावलीत काही प्रश्न उलट दिशेचे ठेवतात. अमेरिकेच्या त्या प्रश्नावलीतही 'देशातल्या काही गोष्टींची लाज वाटते' असं एक विधान आहे. अभिमानालाही पूर्ण सहमत आणि लाजेलाही पूर्ण सहमत असं सांगणारी माणसं वेगळी काढून तपासता येतात. अर्थात एखाद्याला दोन्ही मनापासून वाटू शकतं, म्हणून एका प्रश्नावर निकाल लावायचा नाही.

पण मुलाखत घेताना भोवती कोण कोण होतं, एवढी एक नोंद जरी प्रत्येक अर्जावर झाली तरी ती मॉडेलमध्ये घेता येते. आपल्याकडे ती नोंद सार्वजनिक माहितीत क्वचितच असते.

---

दूरदेशी

न्यू जर्सीतून लिहितेय. इथलं नागरिकत्व घेतलं त्या दिवशी हात वर करून शपथ घेतली, ती मनापासून घेतली. आणि त्या कसोट्यांच्या यादीत मी पहिल्याच प्रश्नाला बाद होते. जन्म इथला नाही, पूर्वज इथले नाहीत, धर्म ख्रिस्ती नाही. राहिल्या नागरिकत्व, भाषा, कायदा आणि मनाची ओढ.

त्यामुळे ते 38 टक्के वाचून वाईट वाटलं हे लपवत नाही. माझ्या गल्लीतले शेजारी अतिशय चांगले आहेत, बर्फ पडला की माझाही रस्ता साफ करून देतात. त्यांच्यातले किती जण मनात मला अर्धीच अमेरिकन धरत असतील, हा विचार आला. माझ्यासारख्या लोकांना त्या सर्वेक्षणात धरलं होतं का?

---

प्रकाश_वाईकर

दूरदेशीताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, धरलं होतं, कारण ते सर्वेक्षण अमेरिकेतल्या घरांत राहणाऱ्या प्रौढांचं आहे, नागरिक असोत वा नसोत. पण एक मोठी अट होती. 2006 पर्यंत जनरल सोशल सर्व्हेच्या मुलाखती फक्त इंग्रजीत होत. स्पॅनिश त्या वर्षी सुरू झाली. म्हणजे 2004 च्या माहितीत इंग्रजी न येणारा स्थलांतरित नाहीच. 'इंग्रजी येणं किती महत्त्वाचं' हा प्रश्न फक्त इंग्रजी येणाऱ्यांनाच विचारला गेला. चारही गटांचे टक्के वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

शेजाऱ्यांबद्दल एवढंच म्हणेन की 'जन्म फार महत्त्वाचा' म्हणणारा माणूस समोरच्या ओळखीच्या माणसाला कसं वागवतो, हे ती प्रश्नावली विचारतच नाही. तिथे एका अमूर्त 'खऱ्या अमेरिकन'बद्दल मत मागितलेलं असतं. दोन्हींत अंतर असतं आणि ते मोजायला वेगळे प्रश्न लागतात.

---

गोदाकाठ

मला एकूणच माणसांना अशी नावं चिकटवणं पटत नाही. आज संशोधक 'निर्बंधवादी' म्हणतील, उद्या वाहिन्यांवर तेच शिवी म्हणून वापरलं जाईल. वसाहतीच्या काळात साहेबाने जनगणनेत जाती मोजल्या आणि मोजता मोजता त्या अधिक घट्ट करून ठेवल्या. हेही तसंच होणार नाही कशावरून?

---

प्रकाश_वाईकर

गोदाकाठ, धोका खरा आहे आणि मी तो हलका मानत नाही. फरक एका ठिकाणी आहे. त्या जनगणनेत माणसाच्या नावापुढे एकच जात लिहिली जायची. इथे माणसाच्या नावापुढे गट लिहिलेलाच नसतो, शक्यता असतात. वर दिलेल्या उदाहरणातले दुसरे गृहस्थ 57 आणि 43 असे विभागलेले आहेत. संशोधक जेव्हा त्यांना उचलून थेट ख मध्ये टाकतात आणि पुढचं सगळं गणित त्यावर करतात, तेव्हा तुम्ही म्हणता ती चूक होते. शेवटपर्यंत शक्यता सांभाळून गणित करायच्या पद्धती आहेत. त्या वापरायला हव्यात असा माझा आग्रह आहे.

नावांबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. नाव देणं हे गणिताचं काम नाही, ते संशोधकाचं मत असतं. म्हणून नावाच्या आधी त्या गटाने कोणत्या प्रश्नाला काय उत्तर दिलं याचं कोष्टक वाचावं.

---

चिंतामणी_पेण

मला यात एक मोठी उणीव दिसते. हे सगळं 'देश' नावाच्या एकाच गोष्टीभोवती फिरतं. आपल्याकडे माणूस एकाच वेळी मराठीही असतो आणि भारतीयही, आणि दोन्ही ठासून असतो. माझे आजोबा संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत होते. 1 मे 1960 ला राज्य झालं तेव्हा घरात दिवाळी केली असं आई सांगते. त्याच आजोबांनी 1942 साली शाळा सोडली होती. त्यांना कुणी विचारलं असतं की आधी मराठी की आधी भारतीय, तर त्यांना प्रश्नच कळला नसता.

प्यूच्या त्याच अहवालात 59 टक्के हिंदूंनी खरा भारतीय असण्यासाठी हिंदी येणं फार महत्त्वाचं म्हटलंय. मराठी माणसाने याला काय उत्तर द्यावं? अमेरिकेतला भाषेचा प्रश्न जसाच्या तसा इथे आणून चालत नाही. तिथे तो बाहेरून आलेल्याबद्दल आहे. इथे तो नाशिक, मदुराई आणि कोलकात्याच्या माणसाबद्दल आहे.

---

प्रकाश_वाईकर

काका, अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. यावर भारतात काम झालंय. आल्फ्रेड स्टेपन, हुआन लिंझ आणि योगेंद्र यादव या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी 2011 च्या त्यांच्या अभ्यासात नेमका हाच मुद्दा मांडला. लोकांना 'एक की दुसरं' असं न विचारता पायऱ्या दिल्या: फक्त भारतीय, जास्त भारतीय, दोन्ही सारखंच, जास्त राज्याचे, फक्त राज्याचे. भारतासारख्या देशाला एकसंध राष्ट्राच्या साच्यात कोंबण्याची गरज नाही, दुहेरी ओळखी लोकशाहीला पूरक ठरू शकतात, हे त्यांचं म्हणणं. भारतासाठी मॉडेल बनवायचं तर हा प्रश्न त्यात हवाच. तो नसेल तर तुमच्या आजोबांसारखी माणसं मॉडेलला दिसणारच नाहीत.

प्रदेशांतला फरकही प्रचंड आहे. हिंदू असणं फार महत्त्वाचं मानणारे हिंदू मध्य भारतात 83 टक्के, उत्तरेत 69, आणि दक्षिणेत 42. म्हणजे भारताचं एकच मॉडेल बसवलं तर जे गट निघतील ते कदाचित विचारांचे नसून निव्वळ प्रदेशांचे असतील.

---

अनिकेत_देव

चिंतामणीकाकांच्या मुद्द्यामागे एक तांत्रिक भिंतही आहे. दोन ठिकाणच्या लोकांना एकच प्रश्न विचारला तरी तो दोघांकडे तीच गोष्ट मोजतो का? एल्दाद दाविदोव या समाजशास्त्रज्ञांनी 2009 मध्ये 34 देशांची माहिती घेऊन हे तपासलं. प्रश्नांची एकंदर रचना सगळीकडे सारखी निघाली, पण सरासऱ्यांची तुलना करण्याइतकी समानता मिळाली नाही. थोडक्यात, अमुक देशाचा राष्ट्रवाद तमुक देशाहून इतक्या गुणांनी जास्त, अशा ज्या याद्या वर्तमानपत्रांत येतात त्यांना फारसा आधार नाही. एका देशातल्या दोन राज्यांनाही हाच नियम लावून आधी तपासायला हवं.

---

ऋतुजा_एमए

नमस्कार, मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी आहे. प्रबंधिकेसाठी हे करून बघायची फार इच्छा आहे. भारताची अशी माहिती मोफत मिळेल का? आणि महागडं सॉफ्टवेअर लागतं का? वर्गात आम्हाला फक्त टक्केवारी आणि कोष्टकं शिकवली आहेत.

---

अनिकेत_देव

ऋतुजा, जरूर कर. मूळ लेखातली प्रश्नावली इंटरनॅशनल सोशल सर्व्हे प्रोग्रॅम या, अनेक देशांत सारखेच प्रश्न विचारणाऱ्या उपक्रमाची आहे. राष्ट्रीय ओळखीवरचा तो संच 1995, 2003, 2013 असा ठरावीक काळाने होतो आणि 2013 च्या फेरीत भारत आहे. माहिती जर्मनीतल्या गेसिस या, सर्वेक्षणांची माहिती जतन करणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर नोंदणी करून विनामूल्य उतरवता येते. सॉफ्टवेअर म्हणून आर पुरेसं आहे, तेही मोफत. त्यात ड्रू लिंझर आणि जेफ्री लुईस यांचं पोएलसीए नावाचं पॅकेज आहे. प्रश्नांची उत्तरं 1 पासून सुरू होणाऱ्या पूर्ण संख्यांत हवीत, शून्य चालत नाही, आणि सुरुवाती किती वेळा बदलायच्या तो आकडा स्वतः द्यायचा, नाहीतर ते एकदाच चालवतं.

आधी फक्त खरा भारतीय कोण या आठ-नऊ प्रश्नांवर बसवून बघ. ते नीट समजलं की मग अभिमानाचे प्रश्न घाल.

---

सुलभा_मराठवाडा

ऋतुजा, एक माझ्याकडूनही. माहिती उघडलीस की 'सांगता येत नाही' असं उत्तर देणारे किती आहेत ते आधी बघ. बायकांमध्ये हे उत्तर खूप येतं. बहुतेक लोक अशी उत्तरं काढून टाकतात आणि उरलेल्यांवर काम करतात. असं केलं तर ज्यांना या विषयावर कधी कुणी विचारलंच नाही अशा बायका सगळ्यात आधी बाहेर पडतात.

---

प्रकाश_वाईकर

सुलभाताईंच्या या सूचनेला पूर्ण अनुमोदन. ऋतुजा, लेटंट क्लासमध्ये याची सोय आहे. पर्यायांमध्ये क्रम असावाच लागतो असं नाही, त्यामुळे 'सांगता येत नाही' हा चारांच्या बरोबरीचा पाचवा पर्याय म्हणून ठेवता येतो. मग मॉडेल दोनदा बसव, एकदा ही उत्तरं गाळून आणि एकदा पाचवा पर्याय धरून. पर्याय वाढला की काढायचे आकडेही वाढतात, तेव्हा प्रश्न थोडे कमी घे. दुसऱ्या वेळी एखादा नवा गट वेगळा निघाला तर त्यात कोण आहे ते पाहा: किती बायका, किती शिक्षण, कोणतं राज्य. दोन्ही निकाल प्रबंधिकेत शेजारी शेजारी दे आणि इथेही टाक. अनिकेत आणि मी कोष्टकं तपासून देऊ.